बोटीवरचं बिऱ्हाड आणि नाशिकचा पत्ता

माझा धाकटा भाऊ आणि भावजय गेली चार वर्षं शिडाच्या बोटीवर राहतात. बोट बरेच महिने मलेशियातल्या लंगकावी बेटापाशी असते, अधूनमधून थायलंडला फुकेतकडे जाते. स्वयंपाक, झोपणं, कपडे वाळत घालणं, सगळं त्या अकरा मीटरांत. पण बँक, तहसील, महापालिका आणि विमा कंपनी यांच्या लेखी माणूस पत्त्यावर राहतो. त्यांचा पत्ता नाशिकचा आहे, आणि तो पत्ता सांभाळते मी.

शाळेच्या कार्यालयात माझी सगळी नोकरी आवक-जावक बघण्यात गेली. त्यामुळे भावाने निघताना सहज म्हटलं, "ताई, टपाल तेवढं बघशील ना?" आणि मीही सहज हो म्हटलं. दोघांनीही हे काम फार हलकं धरलं होतं. पहिल्याच पावसाळ्यात ते कळलं.

त्यांचा गंगापूर रोडवरचा फ्लॅट बंद होता आणि सगळीकडे पत्ता तोच दिलेला. मी महिन्या-दीड महिन्याने चक्कर मारायचे. ऑगस्टमध्ये गेले तेव्हा जिन्याखालच्या पत्र्याच्या पेटीत पाणी शिरलं होतं. पाकिटं एकमेकांना ओल्या पापडांसारखी चिकटलेली. घरी आणून पंख्याखाली वर्तमानपत्रावर पसरली, एकेक सोडवली. त्यात दोन कागद महत्त्वाचे निघाले. एक बँकेचं केवायसीचं स्मरणपत्र, जूनमधलं. तोवर खात्यातले व्यवहार थांबलेही होते. दुसरी वडिलोपार्जित जमिनीच्या फेरफाराची नोटीस. फेरफारावर हरकत घ्यायला नोटिशीपासून १५ दिवस मिळतात, ते केव्हाच उलटून गेले होते. हरकतीचं एक पान पुरलं असतं तिथे प्रांतांकडे अपिलाची फाइल उभी करावी लागली.

एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. नोंदणीकृत टपालाने योग्य पत्त्यावर पाठवलेली नोटीस कायद्याच्या दृष्टीने बजावली गेली असं धरता येतं. "घर बंद होतं, आम्ही समुद्रात होतो" हे कारण सहसा तोकडं पडतं. म्हणून जे कोणी बोटीवर राहायला निघाले आहेत, किंवा ज्यांचं कोणी निघालं आहे, त्यांच्यासाठी आम्ही बसवलेली पद्धत सविस्तर लिहिते. तिचं सूत्र असं: कागद नाशिकात राहतो, बोटीवर फक्त त्यातली माहिती जाते, आणि कागद सांभाळणाऱ्याच्या हातात नात्याबरोबर कायदेशीर अधिकारही असतो.

निघण्याआधी तीन महिने: पत्ता

आधी यादी करा. आठवून करू नका, निम्मी नावं सुटतात. मागच्या बारा महिन्यांचं बँकेचं विवरण घ्या आणि प्रत्येक ओळीपाशी विचारा की याचं पत्र कुठे येतं. मग ईमेल चाळा, मग घरातली जुनी पाकिटं. आमच्या यादीत अशी नावं निघाली: दोन बँका, आयकर, एलआयसी, म्युच्युअल फंड, डीमॅट, महावितरण, घरपट्टी आणि पाणीपट्टी, सोसायटी, तलाठी कार्यालय, आरटीओ. भावजयीच्या जुन्या कंपनीचा भविष्यनिर्वाह निधी तर तिलाही आठवत नव्हता.

यादीतल्या प्रत्येकाकडे पत्रव्यवहाराचा पत्ता बदलून घ्या. ज्याच्या घरात रोज माणूस असतं असाच पत्ता द्या. पाकिटावर भावाचं नाव, खाली 'द्वारा' लिहून माझं नाव, मग घर क्रमांक आणि पिनकोड. पिनकोड नीट तपासा. नाशिक शहर मोठं आहे आणि 'नाशिक' एवढ्यावर ४२२००१ घालायची सवय असते. पाकीट मग मुख्य टपाल कार्यालयाकडून वळसा घालून येतं. कायमचा पत्ता आणि पत्रव्यवहाराचा पत्ता हे फॉर्मवर वेगळे रकाने असतात. कायमचा तसाच राहू द्या, नाहीतर आधार, पॅन, पासपोर्ट यांच्यात मेळ राहत नाही आणि पुढच्या केवायसीला तोच प्रश्न उभा राहतो.

टपाल वळवण्याच्या अर्जावर विसंबू नका. मूळ पाठवणाऱ्याकडे पत्ता बदलणं हेच खरं काम. मी दारावरच्या पाटीवर माझ्या नावाखाली भावाचं नाव लावलं. पोस्टमनदादांना स्वतः भेटले आणि भावाच्या नावचं टपाल मी घ्यावं असं त्याच्या सहीचं पत्र टपाल कार्यालयात दिलं. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, त्यामुळे आता सहीचं टपाल बहुतेक स्पीड पोस्टानेच येतं. पोस्टमन बदलले की नव्यांना पुन्हा भेटते. पाच मिनिटांचं काम आहे.

फ्लॅटवरची पेटीही सोडली नाही. महावितरणचं बिल ईमेलवर घेतलं. 'गो ग्रीन' नोंदणी केली की कागदी बिल बंद होतं आणि बिलात थोडी सूटही मिळते. तरी कुणीतरी कधीतरी जुन्या पत्त्यावर पाठवतंच, म्हणून सोसायटीच्या वॉचमनकाकांना सांगून ठेवलं आहे: पेटीत काही दिसलं की फोटो काढून पाठवा.

अधिकार: मुखत्यारपत्राशिवाय हे काम घेऊ नका

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पासवर्ड आणि ओटीपी घेऊन भावाच्या खात्यात शिरणं सोपं वाटतं, आणि घरोघरी तसंच चालतं. पण बँकेच्या नियमात ते बसत नाही, आणि काही बिनसलं तर दोघांपैकी कुणालाच बोलायला जागा राहत नाही. शिवाय पासवर्ड घेऊन तलाठ्यासमोर किंवा महापालिकेच्या सुनावणीला उभं राहता येत नाही.

म्हणून मुखत्यारपत्र करा. ते भारतात असतानाच करा, दोघांनी सोबत जाऊन. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा कामांना १०० रुपयांचा मुद्रांक चालत नाही, किमान ५०० रुपयांचा लागतो. जमीन किंवा फ्लॅटसंबंधी अधिकार असतील तर नोटरीवर थांबू नका, दुय्यम निबंधकांकडे नोंदवून घ्या. मजकूर मोघम ठेवू नका. आमच्यात अधिकार एकेक करून लिहिले आहेत: टपाल स्वीकारणं, बँकेत कागदपत्रं देणं-घेणं, महसुली सुनावणीला हजर राहणं आणि हरकत देणं, घरपट्टी व वीज यांचे अर्ज, सोसायटीच्या सभेला जाणं. फ्लॅट विकण्याचा अधिकार मुद्दाम घातला नाही. मीच नको म्हटलं. लागला तर त्या एका कामापुरतं वेगळं करता येईल.

निघून गेल्यावर आठवलं तर? परदेशातल्या भारतीय वकिलातीत अधिकाऱ्यासमोर सही करून साक्षांकित करता येतं, किंवा तिथल्या नोटरीसमोर करून अपोस्टिल, म्हणजे दुसऱ्या देशात कागद चालावा म्हणून तिथल्या सरकारने दिलेलं प्रमाणन, घेता येतं. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या करारात आहे. पण सगळे देश त्या करारात नाहीत, तेव्हा आपण कुठे आहोत ते आधी तपासा. असं मुखत्यारपत्र महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. पाकीट ज्या दिवशी हाती आलं ती तारीख पाकिटासकट जपा.

बँकेसाठी मुखत्यारपत्राची प्रत शाखेत देऊन नोंद करून घ्या आणि पोच घ्या. काही शाखा स्वतःचाच नमुना मागतात, तोही निघण्याआधीच भरा.

इथेच एक जोडगोष्ट. फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यात, अनिश्चित काळासाठी बाहेर राहण्याच्या इराद्याने गेलेला माणूस अनिवासी ठरतो. बोटीवर राहायला जाणाऱ्याला "परत कधी?" विचारलं तर त्याच्याकडे नेमकं उत्तर नसतं, म्हणजे तो थेट या व्याख्येत येऊ शकतो. तसं असेल तर साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयातलं खातं, करून घ्यावं लागतं. आयकराचा हिशेब मात्र वेगळा. तिथे भारतात किती दिवस काढले ते मोजतात, १८२ दिवसांची मुख्य कसोटी असते, आणि बाकी अटी सीएकडून समजून घ्याव्यात. दोन कायदे, दोन मोजमापं. त्यासाठी भारतात येण्या-जाण्याच्या तारखांचा एक कागद मी फाइलच्या अगदी वर ठेवला आहे, आमचे सीए दरवर्षी आधी तोच मागतात.

आवक-जावक

आता रोजचं काम. दोनशे पानी वही, सहा रकाने: आवक क्रमांक, तारीख, कोणाकडून, विषय, मुदत, काय केलं. शाळेत हेच केलं, इथेही हेच. मोबाइलमध्ये तक्ता ठेवला तरी चालेल, पण 'मुदत' हा रकाना हवाच. पाकिटातून कागद काढला की आधी त्यात तारीख शोधायची. "पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत" असं असेल तर पाकिटावरचा टपालाचा शिक्का हाच पुरावा, म्हणून पाकीट कागदाला टाचून ठेवते.

पाकीट उघडण्याआधी बाहेरून फोटो काढून भावाला पाठवते. कार्डाचा गुप्त पिन असलेली बंद पाकिटं उघडतच नाही; ती तशीच कपाटात. बाकीची उघडून खिडकीजवळ उजेडात, सपाट ठेवून मोबाइलने स्कॅन करते. काळी-पांढरी पीडीएफ, दोन-तीनशे केबीपेक्षा मोठी नाही, कारण नांगरावर असताना त्यांचं नेट रडतखडत चालतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं तर अक्षरं फुटतात, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावं. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग कोणाचं पत्र: २०२५-०७-१४-घरपट्टी. अशी नावं दिली की यादी आपोआप तारखेनुसार लागते.

मी टपालाचे तीन भाग करते. मुदत असलेलं त्याच दिवशी जातं, आणि फोन न लागल्यास मुखत्यारपत्राखाली मीच मुदतवाढीचा अर्ज देते. निर्णय लागणारं पण घाई नसलेलं शनिवारी. नुसतं ठेवायचं ते फाइलला. शनिवारी सकाळी सातला आमचा फोन असतो. तिकडे तेव्हा साडेनऊ वाजलेले असतात, भावजय चहा घेऊन बसते आणि वहीतला एकेक क्रमांक आम्ही निकाली काढतो. हा फोन ठरलेला असल्यामुळे मधल्या दिवसांत सारखे निरोप जात नाहीत, हा त्याचा मोठाच फायदा.

आयकराच्या नोटिसा आता बहुधा कागदावर येत नाहीत, पोर्टलवर आणि ईमेलवर येतात. विवरणपत्रात दोष असल्याची नोटीस आली तर उत्तराला १५ दिवस असतात. विवरणपत्र भरल्यावर ३० दिवसांत पडताळणीही करायची असते. तिथला नोंदवलेला ईमेल दोघांनाही दिसेल असा ठेवा. चेक आला तर त्यावरच्या तारखेपासून तीनच महिने चालतो. तो बोटीवर पाठवू नका, खात्यात भरा.

मूळ कागद लोखंडी कपाटात. नाशिकच्या पावसाळ्यात कागदाला ओल धरते आणि मागोमाग कसर येते, म्हणून फाइल भिंतीला टेकवून ठेवू नये, आणि आश्विनातलं ऊन पडलं की एकदा बाहेर काढून उलगडावी. मूळ दाखले लॅमिनेट करू नका. त्यावर पुन्हा शिक्का मारता येत नाही.

मोबाइल नंबर

भारतीय नंबर बंद पडला की ओटीपी गेला, आणि ओटीपी गेला की घरून काहीच हलत नाही. सलग ९० दिवस वापर नसेल तर कंपनी सिम बंद करू शकते. नंतर तो नंबर दुसऱ्याला मिळतो, आणि मग आपल्या बँकेचे निरोप परक्याच्या हातात. म्हणून रिचार्ज माझ्याकडून होतं, तारीख वहीत असते, आणि भाऊ महिन्यातून एकदा त्या नंबरवरून मला एसएमएस करतो. रोमिंग भारतातूनच चालू करून जावं. सिम तुमच्या ताईकडे ठेवून जाऊ नका. ओटीपी ज्याचा त्याच्याकडेच हवा.

बोटीवर काय असावं

बोटीवर न्यायचेच असे मूळ कागद थोडेच आहेत, पण त्यांच्यावाचून बंदरात पाऊल टाकता येत नाही: पासपोर्ट, बोटीची नोंदणी, बोटीचा विमा, रेडिओचा परवाना, बोट चालवण्याचं प्रमाणपत्र आणि मागच्या बंदराचं निर्गमनपत्र. हे शेवटचं जपून ठेवा. पुढच्या देशात शिरताना पिवळा झेंडा लावून गेलं की अधिकारी आधी "कुठून आलात" विचारतात आणि त्याचा पुरावा हेच पान. लंगकावीत हार्बर मास्टर, इमिग्रेशन आणि कस्टम्स अशा तीन टेबलांवरून जावं लागतं, आणि प्रत्येक टेबलाला बोटीवरच्या माणसांची यादी हवी असते. तिच्या वीसेक प्रती सही करून तयार ठेवाव्यात.

या यादीवर बोटीचा शिक्का असला की काम भराभर होतं. बोटीचं नाव 'गोदा'. मेन रोडवरच्या दुकानातून रबरी शिक्का करून घेतला: मधे नाव, खाली नोंदणी क्रमांक. दुकानदारांनी विचारलं, कोणती संस्था? मी म्हटलं, बोट आहे. त्यांनी शेजारी छोटी होडीही कोरून दिली.

पासपोर्ट काढताना ३६ ऐवजी ६० पानांचा मागा. दर देशात शिरताना एक आणि निघताना एक शिक्का पडतो, पानं भराभर संपतात. पासपोर्टच्या पुस्तिका आपल्याच नाशिक रोडच्या मुद्रणालयात छापल्या जातात याचं मला लहानपणापासून अप्रूप आहे. नूतनीकरण मुदत संपायच्या आधी वर्षभर करता येतं, आणि बरेच देश सहा महिने मुदत शिल्लक असल्याशिवाय घेत नाहीत. शक्य तो भारतभेटीतच उरका. परदेशात वकिलातीने राहण्याचा पुरावा मागितला तर बोटवाल्याकडे मरीनाचा, म्हणजे बोटी भाड्याने लावायच्या धक्क्याचा, करार आणि भाड्याच्या पावत्याच असतात, म्हणून त्याही जपा.

युरोपकडे जाणार असाल तर माणसाची आणि बोटीची मुदत वेगवेगळी असते. शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत) अल्पमुदतीच्या व्हिसावर माणसाला कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस; युरोपबाहेरच्या मालकाची, बाहेर नोंदलेली बोट मात्र कर न भरता १८ महिने राहू शकते. बोट आत आल्याच्या दिवसाचा कागद हरवला तर हे १८ महिने कधी सुरू झाले ते सिद्ध करता येत नाही. डिझेलच्या आणि मरीनाच्या पावत्या गुळगुळीत कागदावर छापलेल्या असतील तर काही महिन्यांत कोऱ्या होतात. लगेच फोटो काढा.

कागद पाठवायचाच असेल तर

पहिला मार्ग हातोहात. कुणी नाशिकहून तिकडे जाणार असेल तर त्यांच्यासोबत. नवं डेबिट कार्ड तर मी दुसऱ्या कुठल्याच मार्गाने पाठवत नाही.

एकदा मात्र विम्याचा मूळ कागद कुरियरने पाठवला आणि पत्त्यावर प्रेमाने फक्त 'गोदा' लिहिलं, मरीनाचं नाव आणि देश. मरीनाच्या कार्यालयात पाकीट अठरा दिवस पडून राहिलं, कारण त्यांची नोंद आडनावाने होती, आणि मग परत आलं. तेव्हापासून क्रम असा: पासपोर्टवर आहे तसं पूर्ण नाव, मग बोटीचं नाव, मग मरीना, मग त्यांचा फोन. पाठवण्याआधी मरीनाला ईमेल करून विचारायचं की टपाल घेता का आणि किती दिवस ठेवता. बोट तिथे निदान तीन आठवडे थांबणार असेल तरच पाठवायचं. बोटीचे सुटे भाग असतील तर पार्सलवर मोठ्या रोमन अक्षरांत 'यॉट इन ट्रान्झिट' (प्रवासातली बोट) लिहा आणि सोबत बोटीच्या नोंदणीची प्रत द्या. अनेक देश परदेशी बोटीच्या सामानावर शुल्क घेत नाहीत, पण कस्टम्सला ते दिसलं पाहिजे. कस्टम्सच्या फॉर्मवर 'गिफ्ट' लिहू नका. खरं तेच लिहा.

फोनशेजारचं पान

सगळ्या कागदांत एक पान मी स्वतःच्या हाताने लिहिलं आहे आणि ते फाइलमध्ये नसून भिंतीवर, फोनशेजारी आहे.

बोटीवर ईपर्ब नावाचं संकटसूचक यंत्र असतं. ते ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहांना संदेश देतं आणि तो शोध-बचाव केंद्राकडे जातो. त्या यंत्राची नोंदणी करताना जमिनीवरच्या माणसांचे फोन नंबर द्यायचे असतात. नोंदणी बोटीचा झेंडा ज्या देशाचा त्या देशाकडे होते. भारतीय संकेतांक असलेली यंत्रं बंगळुरूच्या इस्रोच्या केंद्राकडे नोंदतात. यंत्र वाजलं की केंद्र या नंबरांवर फोन करतं: बोट खरंच समुद्रात आहे का, किती माणसं आहेत, कुठून कुठे निघाली? हे कुणाला सांगता आलं तर शोध लवकर सुरू होतो. यंत्र चुकून वाजलं असेल तर तेही याच फोनवर कळतं. नोंदणीत जुना, बंद पडलेला नंबर असेल तर हा फोन कुणालाच लागणार नाही.

अनोळखी परदेशी नंबर दिसला की मी पूर्वी फोन कापायचे. आता उचलते, आणि रात्री आवाज बंद करत नाही.

पानावर इंग्रजीत आणि मराठीत आहे: बोटीचं नाव, लांबी, रंग, शिडांचा रंग, बोटीच्या रेडिओची ओळख असलेला नऊ आकडी एमएमएसआय क्रमांक, उपग्रह फोन, दोघांची नावं, वयं, रक्तगट आणि औषधं. खाली पेन्सिलीने: शेवटचं बंदर, पुढचं बंदर, निघाल्याची वेळ, पोचण्याची वेळ. निघताना भाऊ कळवतो, मी लिहिते. पोचल्याचा निरोप आला की खोडते. पेन्सिल पानाशेजारीच दोऱ्याने बांधलेली आहे. दुसरी प्रत माझ्या मुलाकडे आहे, कारण दुसरा नंबर त्याचा दिला आहे. पानात काही बदललं की दोन्ही प्रती त्याच दिवशी बदलायच्या आणि जुन्या फाडून टाकायच्या.